एकही तक्रार नसलेलं गाव

१४ नोव्हेंबर

प्रिय मुंगे,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसतीच "हो, हो" करत होते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. माझा उजवा कान आता नावापुरता उरलाय आणि डावा त्याच्या संगतीने बिघडत चाललाय. शिवाय आमच्याकडे लाईट गेली की मोबाईलचा टॉवरही मुका होतो. म्हणून म्हटलं, आपला कागद बरा. होस्टेलमध्ये एका बाकावर बसूनसुद्धा आपण एकमेकींना चिठ्ठ्या लिहायचो, आठवतं? आणि तुझी चिठ्ठी सापडली की शिक्षा मला, कारण मी मोठी. मावशीने तुला माझ्या पदरात टाकलं होतं ना!

बातमी अशी की हे दवाखान्यातून घरी आले. आयुष्यभर लाकूड कापलं, दुसऱ्यांच्या घरात कपाटं उभी केली, तो सगळा भुसा यांच्या छातीत जाऊन बसला. डॉक्टर म्हणाले, आता ऑक्सिजनचं यंत्र कायमचं. पलंगाशेजारी ठेवलंय. लहान फ्रिजएवढं आहे आणि सारखं घरघरतं. हे म्हणतात, "माझ्या घोरण्याला नावं ठेवलीस ना? आता घे, सवत आणलीय."

यंत्र विजेवर चालतं. लाईट गेलीच तर एक सिलिंडर भरून ठेवलाय, पण तो दुपारपासून दिवेलागणीपर्यंत पुरला तर पुरला. नवा आणायचा तर नदीपलीकडच्या शहरात जावं लागतं.

आणि लाईट जाते गं. आमची तार दलदलीवरून येते, खांब आपल्या वयाचे, वारा सुटला की एखादा वाकतोच. पण आमचा वायरमन फार गुणी. मागे कुणीतरी तक्रारीच्या नंबरावर फोन केला, तर कंपनीने त्या बिचाऱ्याचाच पगार कापला. तेव्हापासून मी सगळ्या गल्लीला बजावून ठेवलंय: फोन करायचा नाही. लाईट गेली की फाटकावर लाल टॉवेल टाकायचा. त्याला कंपनीने दिलेलं घर वर पाण्याच्या टाकीजवळ आहे, तिथून त्याला सगळं गाव दिसतं. टॉवेल दिसला की शिडी खांद्यावर टाकून निघालाच. गंमत म्हणजे आता साऱ्या गावाने लाल टॉवेल घेतलेत. दुकानदार विचारतो, काकू, निळे खपतच नाहीत, काय करू?

तीन वर्षांत आमच्या गावाची एकही तक्रार नाही. होस्टेलच्या मोठ्या सिस्टर असत्या तर त्यांनी आपल्याला पवित्र चित्रांचं कार्ड बक्षीस दिलं असतं.

पेपरात वाचलं की राज्यभरातल्या जुन्या तारा बदलायची मोठी योजना येतेय आणि ती तुझ्याच कचेरीत तयार होतेय. वशिला लाव असं मी म्हणत नाही हं. तसलं मला शोभत नाही, आणि तुला तर नाहीच. पण आमची तार कुठे बसते, एवढं सांगता आलं तर सांग.

तुझी
ताई


२७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मी कचेरीत उघडलं आणि दार लावून घेतलं. शिपाई म्हणाला, "मॅडम, वाईट बातमी?" मी म्हटलं, "नाही रे, अक्षर." तेच गोल अक्षर, सिस्टरांनी छडीने वळवलेलं.

भावोजींना सांग, सवतीशी जमवून घ्या, तिच्याशिवाय घर चालणार नाही. मी विनोद करतेय खरी, पण काळजी वाटते. बॅटरीवर चालणारं जोडयंत्र मिळतं का ते मी इथे बघते.

योजनेचं खरंच आहे. आणि तुला म्हणून सांगते, निवृत्तीआधी मनासारखं एवढं एकच काम माझ्या हातून होतंय. आजवर काय व्हायचं? पैसे आले की मंत्र्यांच्या गावात नवे खांब. ज्यांच्याकडे कधी दिवा मालवला नाही, त्यांच्याकडे दुहेरी तारा. मी बारा कचेऱ्यांत हेच पाहत म्हातारी झाले. या वेळी कर्ज बाहेरून मिळतंय आणि देणाऱ्यांची अटच आहे की क्रम नियमाने लागला पाहिजे. तो नियम मी लिहिलाय, ताई. जिथल्या लोकांना जास्त त्रास, तिथली तार आधी. गेल्या तीन वर्षांच्या नोंदी संगणकात घालायच्या आणि जो क्रम येईल तो येईल. मंत्र्यालाही हात लावता येणार नाही, मलाही नाही.

म्हणूनच तुमची तार कुठे बसते ते मी बघणार नाही. रागावू नकोस. बघितलं तर मन डळमळेल. पण तुमचे खांब, ती दलदल, वारा हे सगळं मला ठाऊक आहे. पहिल्या टप्प्यात तुम्ही नसाल तर मग कोण असणार? निश्चिंत राहा.

तुझ्या लाल टॉवेलांवर मी खूप हसले. तू अजून अगदी तश्शीच आहेस. पेजेत किडा निघाला तेव्हा सगळ्या मुलींना गप्प बसवून तूच तो कागदात गुंडाळून खिशात घातलास, स्वयंपाकीणबाईंना बोलणी बसू नयेत म्हणून. तुझ्यासारखी माणसं गावोगावी असती तर माझ्या खात्याची गरजच उरली नसती.

भावोजींना नमस्कार.

तुझी
मुंगी


१५ डिसेंबर

प्रिय मुंगे,

तुझं पत्र यांना मोठ्याने वाचून दाखवलं. "बारा कचेऱ्यांत म्हातारी झाले" याला हे इतके हसले की नळी निघाली. मग मी रागावले, मग दोघंही हसलो. हसणं आता यांना महाग पडतं, पण स्वस्तातलं काही यांना कधी आवडलंच नाही.

पहिल्या टप्प्याची गोष्ट मी वायरमनला सांगितली. तो बाहेर पायरीवर बसून चहा पीत होता. म्हणाला, "काकू, नवे खांब आले तर मी शिडी विकून टाकीन आणि दुपारी झोपेन." त्याच्या गुडघ्यांनी त्याला सोडलंय, पण कबूल करायचा नाही.

मुंगे, एक विचारू? त्या नोंदी म्हणजे कसल्या गं? कंपनीचं कुणी येऊन खांब बघून गेलं असेल का? मला तर कधी कुणी दिसलं नाही. तू हुशार, तू सगळं बघितलंच असशील. मी उगीच विचारते.

गेल्या आठवड्यात जरा लाईट गेली होती. वारा होता, जरा जास्त वेळ गेली, पण वायरमन होताच. यांची नखं थोडी निळी झाली होती, ती थंडीनेही होतात. तू बॅटरीच्या यंत्रासाठी धावपळ करू नकोस, आमचं छान चाललंय. यांनी पडल्या पडल्या तुझ्यासाठी लाकडाची एक मुंगी कोरलीय. पाय चारच झालेत. म्हणतात, "बाकीचे दोन सरकारने कापले, सांग तिला."

तुझी
ताई


८ जानेवारी

ताई,

हे पत्र मी घरून लिहितेय. आज कचेरीत गेले नाही.

यादी लागली. काल सकाळी भिंतीवर लावली तेव्हा मी इतरांसारखीच रांगेत उभी राहून वाचली. पहिल्या टप्प्यात तुमची तार नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्याच्या तळाशी आहे आणि तिसऱ्यापुढे कंसात लिहिलंय, "निधी उपलब्ध झाल्यास." ते शब्द माझेच. त्यांचा अर्थ काय होतो तेही मला ठाऊक आहे. कधीच नाही, असा होतो.

मला वाटलं चूक आहे. संगणकवाल्या मुलीकडे गेले, तुमची तार उघडायला लावली. तिथे शून्य होतं, ताई. त्रास शून्य. ती म्हणाली, "मॅडम, हे तर राज्यातलं सगळ्यात सुखी गाव दिसतंय." लोकांनी नंबरावर केलेल्या तक्रारी हाच मी त्रासाचा हिशोब धरला होता. कारण कंपन्या खोटं लिहितात, पण लोक कशाला खोटं सांगतील? बिघाड दलदलीवरच्या तुमच्या शेवटच्या तारेत होतो, तो सबस्टेशनवर दिसत नाही. तो फक्त तुम्हालाच दिसतो आणि तुम्ही तो फाटकावर टांगता.

तू मला लिहिलं होतंस. पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहिलं होतंस, आणि मी हसले. पेजेतल्या किड्याची आठवण काढत बसले.

सचिवांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "बाई, दोन वर्षं तुम्ही आम्हाला शिकवलंत की एकासाठी नियम वाकवायचा नाही. आता कुणासाठी वाकवू?" मी बाहेर आले.

एक वाट आहे. हरकती नोंदवायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. सगळ्या गावाने लिहून द्या: लाईट कशी जाते, किती वेळ जाते, कोण दुरुस्त करतं. सह्या घ्या. आणि तू स्वतः लिही, ताई. भावोजींच्या नखांबद्दल लिही. ती थंडीने निळी होत नाहीत.

मुंगी


२२ जानेवारी

प्रिय मुंगे,

आधी तू रडणं थांबव. कागदावर शाई फुटली होती, मी काय ओळखत नाही का तुला?

शाळेच्या हॉलमध्ये गाव जमवलं. मी उभी राहून सांगितलं की आपल्याला तक्रार करायची आहे. इतकी वर्षं मीच सगळ्यांची तोंडं बंद केली आणि आता मीच उघडा म्हणतेय, तेव्हा लोक माझ्याकडे कसे बघत होते म्हणून सांगू! दुकानदार म्हणाला, "काकू, लिहायचं काय? लाईट जाते, हे? मग विचारतील, कोण जोडतं? मग विचारतील, त्याने का कळवलं नाही?" आणि सगळे मान वळवून मागे बघायला लागले. मागे दाराशी वायरमन उभा होता.

त्याचं असं आहे, मुंगे. तार तुटली की त्याने आधी वर कळवायचं, वरून परवानगी आली की मग खांबावर चढायचं. परवानगीला अख्खा दिवस जातो. हा न कळवताच चढतो. आमच्यासाठी. यांच्यासाठी. हे कागदावर आलं तर त्याची नोकरी राहत नाही.

बरेच जण टोपी उचलून निघून गेले. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या घरात यंत्र घरघरत नाही, आणि त्या माणसाच्या पोटावर पाय द्यायला माझंही मन धजत नव्हतं. मी घरी आले, कागद समोर घेऊन बसले, "महोदय" लिहिलं आणि पुढे सरकेना. सिस्टर खांद्यावरून वाकून बघतायत असं वाटत होतं. चांगल्या मुली कुरकुर करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी वायरमनच आला. यांच्या पलंगाशी बसला. हे त्याला म्हणाले, "बाबा रे, माझं काय, मी पिकलं पान आहे, तू तुझी नोकरी सांभाळ." तर तो म्हणाला, "मिस्त्री, तुमचं पान मी किती वेळा परत चिकटवलंय, आता सोडू होय?" आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "काकू, आणा कागद. माझंही नाव घाला. सही मी करतो."

केली, मुंगे. सगळ्यात वर त्याचीच आहे. खाली माझी, यांची, आणि गल्लीतल्या थोड्यांची. मी स्वतः जाऊन टपालात टाकून आले.

आता तुझ्या हातात आहे.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

हरकत फेटाळली.

कालच्या सुनावणीत मला बोलायला परवानगी नव्हती. नातं आहे म्हणून मी स्वतःच बाजूला राहायचं लिहून दिलं होतं. काचेपलीकडून बघत होते. दोन मिनिटांत झालं. "नोंद नसलेला त्रास ग्राह्य धरता येत नाही." बस. पुढची हरकत.

आणि दुसरं, ते मी आधी लिहायला हवं होतं. हरकतीची एक प्रत कंपनीला जाते, तसा रिवाज आहे. विनापरवाना खांबावर चढल्याबद्दल वायरमनला निलंबित केलंय. तो तुला सांगायला आला नसेल. टाकीजवळचं घर त्याला रिकामं करावं लागेल. नवा माणूस नदीपलीकडे राहतो आणि त्याच्याकडे तुमच्यासारखी आणखी गावं आहेत.

म्हणून आता नीट ऐक. टॉवेल टाकू नकोस. तिथे तो बघायला कुणी नाही. लाईट गेली की तक्रारीचा नंबर लाव. या पत्रासोबत मोठ्या आकड्यांत लिहून दिलाय, फोनशेजारी चिकटव. तुला ऐकू येत नसेल तर शेजारच्या बाईंना लावायला सांग.

तुम्ही दोघं माझ्याकडे राहायला या. मागची खोली रिकामी केलीय, भिंतीतलं बटण यंत्रासाठी नवं बसवून घेतलंय. इथे कधी लाईट जात नाही, याची मला आता लाज वाटते. मी स्वतः गाडी घेऊन येते. पण विधानसभेत योजनेच्या निधीची मागणी मंजूर होईपर्यंत मला रजा नाही. मार्चचा पहिला आठवडा संपला की लगेच निघते. तेवढे दिवस ढकल, ताई. भावोजींना म्हणावं, मुंगीचे उरलेले दोन पाय कोरायचे आहेत.

मुंगी


२० मार्च

प्रिय मुंगे,

तू आलीस, स्वयंपाकघरात उभी राहून घरातले सगळे कप धुतलेस, पुन्हा धुतलेस आणि एक शब्द न बोलता परत गेलीस. आपल्या दोघींना समोरासमोर बोलायला कधी जमलंच नाही, कागदावरच जमतं. म्हणून लिहितेय.

तुझा मार्चचा पहिला आठवडा अजून संपायचा होता. दुपार होती. हे जेवून पडले होते, मी भांडी आवरत होते. वारा सकाळपासून होताच. यंत्राची घरघर थांबली तेव्हा मला ऐकू आलं नाही, कानांचं तुला माहीतच आहे. यांनी वाटी जमिनीवर आपटली, त्याचा हादरा पायाला लागला, तेव्हा कळलं.

सिलिंडर लावला. मग मी काय केलं, सांगू? आधी टॉवेल टाकला. तू नको म्हटलं होतंस, पण पाय आपोआप फाटकाकडे गेले. बघते तर सगळ्या गल्लीने टाकलेले. त्या दिवशी टोपी उचलून निघून गेलेल्यांनीही टाकलेले. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं, मीच शिकवलेलं. सगळी गल्ली लाल, आणि सगळी माणसं फाटकाशी उभी राहून वर टाकीकडे बघतायत. त्या घराला कुलूप होतं.

मग शेजारच्या बाईंनी तुझा नंबर लावला. टॉवर मुका. त्यांचा मुलगा सायकलवरून वळणाच्या चढावर गेला, तिथे थोडी रेंज येते. तिथून त्याने तक्रार नोंदवली. माझ्या नावाने. परत येऊन मला खुणेने सांगितलं, लागला, लागला. मी यांना सांगितलं, "अहो, लागला." यांनी अंगठा वर केला.

सिलिंडरचा काटा खाली येत गेला. दुकानदार गाडी घेऊन नवा सिलिंडर आणायला निघाला होता, पण दलदलीच्या रस्त्यावर खांब आडवा पडला होता. आमचाच खांब. तो उतरून हातांनी खांब ओढायला लागला म्हणे. हे माझा हात धरून होते. मला म्हणाले, "बरं वाटतंय गं, शांत आहे. ती घरघर नाही." मी कान जवळ नेला म्हणून ऐकू आलं. डाव्या कानाने ऐकलेलं शेवटचं नीटसं वाक्य तेच.

संध्याकाळी वायरमन आला. त्याला कुणीतरी कळवलं असावं. निलंबित माणूस, खांबाला हात लावला तर तुरुंगात जाईल, तरी शिडी घेऊन आला होता. दारात आला आणि यांच्याकडे बघून शिडी भिंतीला टेकवून ठेवली. माझ्याशेजारी जमिनीवर बसून राहिला. तू त्या माणसासाठी काही करू शकलीस तर बघ. नाही जमलं तरी मी समजेन. तुझे हातसुद्धा बांधलेले आहेत, आणि गाठ तुझ्या चांगुलपणाची आहे, माझ्यासारखीच.

तुझी योजना मंजूर झाल्याचं पेपरात वाचलं. तुझा फोटो मागच्या रांगेत होता. ज्या गावांत नव्या तारा लागतील, तिथेही कुणाच्या पलंगाशेजारी असं यंत्र असेलच. त्यांच्याकडे ते थांबणार नाही. हे मी मनापासून लिहितेय. मुंगे, तू काही वाईट केलं नाहीस. मीही नाही. हेच मला कळत नाही, की मग हे कुणी केलं.

तुझ्याकडे राहायला मी येणार नाही. इथे यांचं कपाट आहे, पलंग आहे, सगळ्या गावात यांनी केलेली दारं आहेत. चार पायांची मुंगी मी तुझ्या पर्समध्ये टाकली होती, सापडली का?

दुसऱ्या दिवशी लाईट आली तेव्हा टॉवरही आला आणि माझ्या फोनवर निरोप आला. शेजारच्या बाईंनी कानाशी ओरडून वाचला: "आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. आपण समाधानी असल्यास एक दाबा." त्यांनी विचारलं, काय दाबू? मी फोन पालथा घालून ठेवला.

टॉवेल अजून फाटकावरच आहे. उन्हाने विटलाय, काढवत नाही.

आता आमच्या गावाच्या नावावर एक तक्रार आहे, मुंगे. जन्मात केलेली माझी पहिलीच. पुढच्या यादीच्या वेळी ती तेवढी मोज.

तुझी
ताई